रुपयाचा राखणदार, सरकारचा मंत्री : चिंतामणराव देशमुख

रायपूर, १४ जानेवारी : भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची आज जयंती. त्यांचे नाव मुंबई, दिल्ली आणि हैदराबाद या शहरांशी नेहमी जोडले जाते. रायपूरचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वास्तविक सनदी सेवेतील उमेदीची वर्षे त्यांनी तत्कालीन मध्य प्रांतात काढली आणि १९२६ ते १९३१ या काळात झालेल्या रायपूर जिल्ह्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा अंतिम अहवाल त्यांच्याच नावावर आहे. चलनाचे मूल्य कोणी राखायचे आणि सरकारने बाजारात किती हात घालायचा, हा वाद देशात आजही मिटलेला नाही. त्या वादाच्या दोन्ही बाजू देशमुख यांच्या एकाच आयुष्यात उतरल्या होत्या. म्हणूनच त्यांचे चरित्र हे केवळ एका यशस्वी अधिकाऱ्याचे चरित्र राहत नाही.

देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ वकील होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेला बसले आणि मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या भारतीय सनदी सेवेच्या परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. अर्थशास्त्र हा त्यांच्या पदवीचा विषय नव्हता. पैसा, कर आणि कर्ज यांचे शिक्षण त्यांना मिळाले ते प्रत्यक्ष कारभारातून, आणि त्या शिक्षणाचा मोठा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात झाला.

हा प्रांत मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांचा होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. छत्तीसगडचा नागपूरशी संबंध भोसल्यांच्या राजवटीपासूनचा. इंग्रजी अमलात या भागात मालगुजारी पद्धत रुजली. गावाचा मालगुजार रयतेकडून खंड गोळा करी आणि त्यातला ठरलेला हिस्सा सरकारात भरी. बंदोबस्त अधिकाऱ्याचे काम हा हिस्सा नव्याने ठरवण्याचे होते. त्यासाठी गावोगावच्या जमिनीची प्रत पाहावी लागे. काळी कन्हार, पिवळसर मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा आणि मुरमाड भाटा असे तिचे प्रकार. धानाचे पीक कुठे कसे येते, पाण्याची सोय किती, बाजार किती लांब, मागील बंदोबस्तानंतर भाव किती चढले, या सगळ्याचा हिशेब मांडून आकारणी निश्चित होई. एकदा ठरलेली आकारणी पुढे अनेक वर्षे बदलत नसे, आणि ती रुपयांत भरावी लागे.

याच काळात रुपयाच्या मूल्यावरून देशात मोठा वाद चालू होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला होता. सरकारच्या मर्जीनुसार चलन वाढवता येईल अशी व्यवस्था ही भाववाढीचे आणि पर्यायाने गरिबांच्या नुकसानीचे मूळ आहे, म्हणून चलननिर्मितीवर कायद्याने मर्यादा हवी, अशी त्यांची मांडणी होती. हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगाच्या शिफारशींनंतर १९२७ मध्ये रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा ठरला. अनेक भारतीय व्यापाऱ्यांना आणि राजकीय नेत्यांना तो दर चढा वाटत होता. त्याने शेतमालाचे भाव पडतात, असा त्यांचा आक्षेप होता.

दोनच वर्षांत जागतिक मंदी आली. १९२९ ते १९३१ या अवधीत शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर उतरले. महसूल मात्र रुपयांत ठरलेला होता. जो शेतकरी पूर्वी एक गाडी धान विकून सारा भरत असे, त्याला आता त्याच रकमेसाठी जवळजवळ दोन गाड्या विकाव्या लागत होत्या. जमीन तीच, पीक तेच, सरकारी कागदावरचा आकडाही तोच. बदलले होते ते फक्त पैशाचे मूल्य. चलनाचा प्रश्न हा बँकवाल्यांचा किंवा विद्वानांचा खासगी विषय नसून तो शेताच्या बांधापर्यंत पोहोचतो, याचे याहून ढळढळीत उदाहरण शोधावे लागणार नाही. रायपूरचा बंदोबस्त पूर्ण झाला तो नेमका याच काळात.

१९३१ च्या उत्तरार्धात देशमुख लंडनला दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिववर्गात होते. महात्मा गांधी ज्या परिषदेला हजर राहिले तीच ही परिषद. ती चालू असतानाच, सप्टेंबर १९३१ मध्ये, ब्रिटनने सुवर्णमान सोडला आणि रुपया स्टर्लिंगच्या मागे बांधला गेला. परतल्यावर त्यांनी नागपूरला प्रांतिक सरकारच्या महसूल आणि अर्थ खात्यांत सचिवपद सांभाळले. तुटपुंज्या उत्पन्नाच्या प्रांताचा ताळेबंद जुळवण्याची ही तालीम त्यांना पुढे फार उपयोगी पडली. जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत सरकार आणि बँक यांच्यातील संपर्क अधिकारी म्हणून रुजू झाले. काही महिन्यांतच मध्यवर्ती मंडळाचे सचिव, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर आणि सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर, असा त्यांचा प्रवास झाला. त्या वेळी त्यांचे वय ४७ वर्षे होते.

रिझर्व्ह बँक तेव्हा सरकारी मालकीची नव्हती. १ एप्रिल १९३५ रोजी ती पाच कोटी रुपयांच्या भांडवलावर भागधारकांची बँक म्हणून सुरू झाली होती. चलन राजकारण्यांच्या रोजच्या गरजांपासून दूर राहावे, हा त्यामागचा एक हेतू होता. प्रत्यक्षात युद्धाने तो हेतू धुळीस मिळवला. ब्रिटनने भारतात केलेल्या युद्धखर्चाचा मोबदला लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्या जमेच्या आधारावर येथे रुपयाच्या नोटा छापल्या जात. युद्ध सुरू झाले तेव्हा चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपताना हा आकडा अकराशे कोटींच्या पलीकडे गेला होता. माल मात्र त्या प्रमाणात वाढला नव्हता. भाव भडकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात जी लाखो माणसे मेली, त्यांच्या हालांत या चलनवाढीचाही वाटा होता. ज्या वर्षी देशमुख यांच्या हाती बँकेची सूत्रे आली, ते हेच वर्ष.

बँकेचा गव्हर्नर हा प्रकार थांबवू शकत नव्हता. कायद्याप्रमाणे स्टर्लिंग आले की रुपये देणे बँकेला भाग होते आणि युद्धाचा निर्णय दिल्लीत किंवा लंडनमध्ये होत होता. देशमुख यांच्या हाती उरले ते इतकेच की, देशाच्या नावावर साठत चाललेली ही रक्कम बुडू नये. युद्धअखेर ती सुमारे १३० कोटी पौंडांच्या घरात गेली होती. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे झालेल्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात सर जेरेमी रेझमन, सर थिओडोर ग्रेगरी, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि देशमुख होते. या शिल्लक रकमेचा प्रश्न नाणेनिधीच्या कक्षेत आणण्याचा भारताचा प्रयत्न फसला. तरीही भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला आणि पुढे सोव्हिएत रशिया नाणेनिधीत न आल्यामुळे पहिल्या पाच देशांत स्थान लाभून कार्यकारी संचालकपदही मिळाले. एका परतंत्र देशासाठी ही मोठी कमाई होती.

त्या शिष्टमंडळातील श्रॉफ हे मुंबईच्या उद्योगजगतातील जाणते गृहस्थ. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, उद्योगपतींनी तयार केलेल्या बॉम्बे प्लॅनवर त्यांचीही सही होती. पुढे १९५६ मध्ये त्यांनी फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही संस्था स्थापन केली आणि सरकारी नियंत्रणांविरुद्ध लोकमत घडवण्याचे काम आयुष्यभर केले. ब्रेटन वूड्सला एकाच मेजावर बसून देशाची बाजू मांडणारे हे दोघे बारा वर्षांत दोन वेगळ्या वाटांवर होते.

युद्धानंतर काळ्या पैशाचा प्रश्न ऐरणीवर आला. जानेवारी १९४६ मध्ये सरकारने वटहुकूम काढून ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. गव्हर्नर देशमुख या उपायाबद्दल साशंक होते. करचुकव्यांकडून यातून फारसे काही हाती लागणार नाही, असे त्यांनी सरकारला कळवले होते. घडले तसेच. सुमारे १४४ कोटी रुपयांच्या मोठ्या नोटांपैकी जवळपास १३५ कोटींच्या नोटा बदलून घेतल्या गेल्या. बाद झाल्या त्या नऊ कोटींच्या आसपास. बाजारातील माणूस सरकारी हुकमाला वळसा घालण्याची वाट किती लवकर शोधतो, याचा हा धडा होता.

स्वातंत्र्य आणि फाळणी यांच्या धामधुमीत देशमुख यांच्यावर एक विलक्षण जबाबदारी आली. काही काळ रिझर्व्ह बँक ही भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. ती व्यवस्था ३० जून १९४८ रोजी संपली. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांचा कायदा आला. भागधारकांच्या बँकेचा शेवटचा आणि सरकारी बँकेचा पहिला गव्हर्नर अशी दोन्ही बिरुदे देशमुख यांच्याकडे जातात. बँकेचा संशोधन व सांख्यिकी विभागही त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ मध्ये उभा राहिला. आकडेवारीशिवाय चलनधोरण आंधळे असते, ही वैज्ञानिकाची दृष्टी त्यामागे होती. ३० जून १९४९ रोजी ते पदावरून निवृत्त झाले.

विश्रांती फार काळ लाभली नाही. एप्रिल १९५० मध्ये ते नियोजन आयोगाचे सदस्य झाले आणि जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर जूनमध्ये पंडित नेहरूंनी अर्थखाते त्यांच्याकडे सोपवले. नियोजन आयोगाला मिळणाऱ्या वाढत्या अधिकारांबद्दल मथाई यांचे मतभेद होते. देशमुख मात्र त्याच आयोगातून मंत्रिपदावर आले होते. रुपयाच्या प्रश्नाचे भाष्यकार डॉ. आंबेडकर आणि रुपयाचे माजी राखणदार देशमुख हे दोघे सप्टेंबर १९५१ पर्यंत एकाच मंत्रिमंडळात होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशमुख कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

अर्थमंत्री म्हणून त्यांची पहिली कसोटी महागाईची होती. कोरियातील युद्धामुळे जगभर कच्च्या मालाचे भाव चढले होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँक दर तीन टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर नेला. १९३५ पासून तो दर हलला नव्हता. त्याबरोबरच सरकारी रोखे वाटेल तेवढे विकत घेऊन बाजाराला पैसा पुरवण्याची सवयही बँकेने आवरती घेतली. १९५२ च्या आरंभी भाव झपाट्याने उतरले. जगभर भाव उतरत होतेच, पण पैसा महाग करण्याचा परिणाम येथेही दिसला. त्याच सुमारास चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी मद्रासमध्ये आणि रफी अहमद किडवाई यांनी केंद्रात धान्यावरील नियंत्रणे उठवण्यास प्रारंभ केला. नियंत्रण उठले की टंचाई होईल ही भीती खोटी ठरली. दडवलेले धान्य बाजारात आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस घाऊक भाव सुरुवातीपेक्षा खाली होते. नंतरच्या कोणत्याही योजनेच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्यांना देशमुख यांच्या कारकिर्दीचा हा पूर्वार्ध जवळचा वाटतो. उत्तरार्धाबद्दल मात्र त्यांचे मत वेगळे आहे. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि तिचे बहुतांश भाग रिझर्व्ह बँकेकडे गेले. ग्रामीण पतपाहणी समितीने दाखवून दिले होते की शेतकऱ्याच्या कर्जाचा फार मोठा भाग सावकाराकडून येतो आणि बँका खेड्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे लक्ष्य स्टेट बँकेला देण्यात आले. रायपूरच्या पंचक्रोशीतील खेडी पाहिलेल्या माणसाला सावकारी पाश समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकमाने आयुर्विम्याचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. देशमुख यांनी रात्री आकाशवाणीवरून देशाला ही बातमी दिली. भारतीय, विदेशी आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ विमा संस्थांचा व्यवसाय एका महामंडळात विलीन झाला. अनेक विमा कंपन्यांत पॉलिसीधारकांच्या पैशांचा गैरवापर होत होता, हे सरकारचे प्रमुख कारण होते आणि ते खोटे नव्हते. परंतु लबाड कंपनीला शिक्षा करणे आणि सगळ्याच कंपन्या बंद करणे यांत फरक आहे, हा टीकाकारांचा मुद्दाही खोटा नव्हता.

सरकारचा हात याच सुमारास छत्तीसगडच्या भूमीवरही उमटला. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार होऊन रायपूरजवळच्या भिलाई येथे पोलाद कारखाना काढण्याचे ठरले. अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या दुसऱ्या योजनेचे ते पहिले मोठे प्रतीक. त्या योजनेचा आराखडा प्रा. महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत तयार झाला, आणि त्या संस्थेचे अध्यक्ष १९४५ पासून देशमुखच होते. भिलाईने या प्रदेशाचे रूप बदलले, हजारो कुटुंबांना कायमची रोजी दिली, देशभरातून माणसे येथे आणली. प्रश्न कारखान्याचा नव्हता. ४,८०० कोटी रुपयांच्या सरकारी खर्चासाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. योजनेत १,२०० कोटी रुपये तुटीच्या अर्थभरण्यातून, म्हणजे सोप्या शब्दांत नवे चलन निर्माण करून उभारायचे होते.

या मार्गाला विरोध करणारे दोन आवाज अर्थमंत्रालयापर्यंत पोहोचले होते. अर्थतज्ज्ञांच्या मंडळातील बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. देशातील खरी बचत जेवढी आहे तेवढाच खर्च पेलेल. त्याहून अधिक खर्च नोटांच्या आधारे केला तर महागाई आणि परकीय चलनाची टंचाई अटळ आहे, आणि वाढती नियंत्रणे लोकशाहीलाही जाच ठरतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन अर्थमंत्रालयाचे पाहुणे म्हणून भारतात आले. चलनाचा पुरवठा दरवर्षी ठरावीक संथ गतीने वाढवावा, विनिमय दर बाजारावर सोडावा आणि गुंतवणुकीचे निर्णय खासगी हातांत द्यावेत, असे टिपण त्यांनी नोव्हेंबरमध्ये सरकारला दिले. ते त्या वेळी प्रसिद्धही झाले नाही. महाग पैशाने महागाई उतरते हे चार वर्षांपूर्वी अनुभवलेल्या अर्थमंत्र्यांनी बहुमताबरोबर जाणे पसंत केले.

त्याहून दूरगामी ठरलेली गोष्ट मात्र गाजावाजा न होता घडली. जानेवारी १९५५ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक कार्यालयीन व्यवस्था ठरली. शुक्रवारच्या ताळेबंदात सरकारची बँकेतील शिल्लक ५० कोटी रुपयांच्या खाली गेली, तर तेवढ्या रकमेच्या तात्पुरत्या कोषागार हुंड्या आपोआप निघतील आणि बँक त्या घेऊन सरकारच्या खात्यात पैसे जमा करील, असे ते स्वरूप होते. हेतू रोजच्या देण्याघेण्यातील अडचण दूर करण्याचा होता. पण रकमेला कमाल मर्यादा नव्हती, आणि जुन्या हुंडीची मुदत संपली की तिची जागा नवी हुंडी घेई. तात्पुरती सोय कायमची झाली. देशमुख यांच्यासारखा काटेकोर माणूस अर्थखात्यात असताना या सोयीचा धोका जाणवला नाही, हेच तिचे खरे वैगुण्य. तिचा आवर माणसाच्या संयमावर अवलंबून होता आणि संयम पुढच्या मंत्र्याला वारशाने मिळत नाही.

दरम्यान राज्यपुनर्रचनेचा प्रश्न पेटला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मरण पावली. देशमुख यांनी राजीनामा दिला आणि जुलैमध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. हा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतला गेला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, असे त्यांनी लोकसभेत परखडपणे सांगितले. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले ते या त्यागासाठी. त्या राजीनाम्यात प्रांताभिमान होता, तसाच कार्यपद्धतीचा आग्रहही होता. सत्तेने ठरलेल्या रीतीने चालावे, ही त्यांची सनदी अधिकाऱ्याची निष्ठा तेथे प्रकट झाली.

ते गेले आणि पुढच्या दोन वर्षांत एकेक बांध ढासळला. ऑक्टोबर १९५६ मध्ये नोटांमागे ४० टक्के सोने व परकीय रोखे ठेवण्याची जुनी अट जाऊन तिच्या जागी ठरावीक किमान रकमेची अट आली; पुढच्या वर्षी ती रक्कमही खाली आणली गेली. नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी मतभेद होऊन गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी जानेवारी १९५७ मध्ये पद सोडले. बँक ही सरकारच्या धोरणाचाच भाग आहे, ही भूमिका त्या वादात वरचढ ठरली. आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांनाही जावे लागले. युद्धकाळात जमलेली स्टर्लिंगची गंगाजळी आटली आणि ऑगस्ट १९५८ मध्ये मदतीसाठी धनको देशांची बैठक भरवावी लागली. शेणॉय यांची भाकिते एवढ्या लवकर खरी ठरतील, असे थोड्यांनाच वाटले होते. सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासण्यासाठी निःपक्ष न्यायाधिकरण असावे, अशी मागणी देशमुख यांनी १९५९ च्या सुमारास लावून धरली. ती मान्य झाली नाही.

मंत्रिपदानंतरची त्यांची वर्षे विद्येच्या क्षेत्रात गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी ही त्यांची ठळक कामे. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पहिल्या पत्नी रोझिना यांचे १९४९ मध्ये निधन झाले होते. १९५३ मध्ये त्यांनी संविधान सभेच्या सदस्या राहिलेल्या समाजसेविका दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. संस्कृतची ओढ अखेरपर्यंत टिकली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी अनुवाद केला आणि स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रहही प्रसिद्ध केला. आत्मचरित्र १९७४ मध्ये आले. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला.

राजकारणाने त्यांना आणखी एकदा हाक दिली. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारने १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. महिनाभरातच राष्ट्रपतिपदाची निवडणूक होती. काँग्रेस दुभंगली होती. एका बाजूला व्ही. व्ही. गिरी आणि दुसऱ्या बाजूला संजीव रेड्डी. अशा वेळी राजाजींचा स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ यांनी देशमुख यांना उमेदवारी दिली. नियंत्रणे आणि परवाने यांच्या विरोधासाठी जन्मलेल्या पक्षाने आयुर्विमा सरकारी करणाऱ्या अर्थमंत्र्याला पुढे करावे, यात वरवर विसंगती दिसते. त्या पक्षाला देशमुख यांचे जुने निर्णय मान्य नव्हते. त्यांचा निःस्पृहपणा आणि घटनात्मक रीतीवरील निष्ठा मान्य होती. पहिल्या पसंतीची सुमारे १ लाख १३ हजार मूल्याची मते मिळवून ते तिसरे आले. गिरी निवडून आले.

पुढील दशकात रुपयाची घसरण सर्वांनीच पाहिली. १९७३ नंतर महागाईचा दर २० टक्क्यांच्या वर गेला. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, हैदराबाद येथे चिंतामणराव देशमुख यांचे निधन झाले. १९५५ मधील त्या आपोआप निघणाऱ्या हुंड्या तेव्हाही चालूच होत्या. त्या थांबल्या १९९७ च्या मार्चअखेरीस, आणि त्यासाठी १९९१ चे आर्थिक संकट यावे लागले.

त्यानंतर मात्र हळूहळू व्यक्तीच्या संयमाची जागा नियमाने घेतली. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून घेणे बंद केले; अपवादात्मक परिस्थितीची वाट तेवढी खुली ठेवली. २०१६ मध्ये कायदा बदलून पतधोरण समिती स्थापन झाली आणि महागाईचा दर चार टक्के, दोन टक्के खालीवर, असे लक्ष्य बँकेला देण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या आणि त्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक रकमेच्या नोटा बँकांत परत आल्या. १९४६ च्या आकड्यांची आठवण ठेवणाऱ्यांना त्याचे नवल वाटले नाही.

रायपूरच्या आसपास धान आजही पिकते, पण त्याचा भाव आता निवडणुकीच्या जाहीरनाम्यात ठरतो. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीनंतर छत्तीसगडमध्ये एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपये दराने खरेदी केले जाते. सत्तेसाठी झुंजणाऱ्या दोन्ही प्रमुख पक्षांनी चढ्या दराची आश्वासने दिली होती. मुक्त बाजाराचे समर्थक याकडे खजिन्यावरील बोजा आणि पीकपद्धतीतील विकृती म्हणून पाहतात. समर्थन मूल्याचे पाठीराखे त्याला शेतकऱ्याचा हक्क मानतात. १९३१ मध्ये याच जिल्ह्यातील रयतेला पडत्या भावात कोणताही आधार नव्हता, हेही विसरता येत नाही. सरकारने शेतकऱ्याला किती द्यावे यावर दुमत राहणारच. जे द्यायचे ते करातून किंवा उघड कर्जातून द्यावे, छापखान्यातून देऊ नये, एवढी मर्यादा आज कायद्याने घातली आहे. ती देशमुख यांच्या काळात त्यांच्या स्वभावात होती, कागदावर नव्हती. ते पदावरून दूर झाल्यावर देशाने त्याची किंमत चार दशके मोजली.